आपोआप येणारं फूल

डेल्फीनने खिशातल्या चाकूने पोत्याची शिवण उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. तळहातावर टपोऱ्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बिया होत्या. त्यातली एक तिने दाताखाली फोडली, चावली आणि थुंकली. मग पोतं उलटं करून पाहिलं. मागच्या बाजूला ताटाएवढ्या फुलाचं चित्र होतं. शेजारी एक माणूस हसत उभा होता आणि फूल त्याच्या डोक्यावर हातभर वर गेलेलं.

"अशी किती पोती मागवलीत?" तिने विचारलं.

"सहा," ओल्सेन म्हणाला. रस्त्याच्या कामावरचा हा मुकादम तसा भला माणूस होता. बोलताना टोपी काढायचा. "उत्तम प्रतीची आहेत. तुमच्या ठरावात लिहिलंय ना, रुंदीकरण झालं की उतारावर सूर्यफुलं परत लावायची. मी शब्दाचा पक्का आहे."

"ही सूर्यफुलं नव्हेत."

ओल्सेनने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "मग ही काय आहेत?"

चूक त्याची नव्हती, आणि हेच तिला जास्त झोंबलं. सिमिल्कमीनच्या खोऱ्यात सूर्यफूल म्हणजे एकच. वसंतात बर्फ गेल्या गेल्या कोरड्या उतारावर उगवणारं, गुडघ्याएवढं, राखाडी पानांचं. पानं भाल्याच्या पात्यासारखी आणि मूळ माणसाच्या मांडीएवढं. त्याचं तिच्या लोकांच्या जुन्या भाषेतलं नाव डेल्फीनला येत होतं. पण रस्त्यासाठी मार्चमध्ये भरलेल्या गावसभेत कंत्राटदाराची माणसं बसली होती, म्हणून पाहुण्यांची सोय बघून ती इंग्रजीत बोलली. समोरच्या तीस माणसांना ती काय म्हणते ते कळलं, त्यांनी माना डोलावल्या. कारकुनाने ऐकलं तसं लिहून घेतलं. शब्द एक निघाला आणि फुलं दोन.

"आपली ती वरची," तिने त्याच्या कचेरीच्या खिडकीतून उताराकडे बोट दाखवलं. "ती."

"ती रानफुलं? त्यांचं बी बाजारात कुठे मिळणार एवढं?" ओल्सेनने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "हे बघा बाई, मी ही पोती परत पाठवीन, माझं काही जात नाही. उतारावर नुसतं गवत पेरून देईन. पण तुमचं बी तुम्ही आणायचं. आणि सोमवारी सकाळी मशीन उतारावर चढणार. त्यात बदल नाही."

त्या दिवशी गुरुवार होता.

*

डेल्फीन वरच्या वस्तीतल्या मुलांची शाळेची बस चालवायची. एकोणीस वर्षं चालवत होती. उताराखालचं वळण इतकं अरुंद होतं की समोरून लाकडाचा ट्रक आला तर कुणीतरी एकाने मागे जायचं, आणि जानेवारीत बर्फावर मागे जाणं म्हणजे जिवाशी खेळ. गेल्या जानेवारीत बसचं मागचं चाक कड्याबाहेर गेलं होतं. आत अकरा पोरं. तिने एकेकाला नाव घेऊन पुढच्या दाराने उतरवलं, आवाज चढू दिला नाही, आणि शेवटचं पोर उतरल्यावर रस्त्यात बसून ओकली.

तोपर्यंत रस्ता रुंद करायला नको म्हणणाऱ्यांत ती सगळ्यांच्या पुढे होती. मार्चच्या सभेत तिचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला. त्या हाताची किंमत म्हणून तिने सूर्यफुलं मागितली होती. उतार जाणार तो तिच्या हातामुळे, हे गावाने कधी बोलून दाखवलं नाही. तिला मात्र रोज चार वेळा त्या वळणावरून जाताना ते आठवायचं. उतार परत पिवळा झाला नाही तर हे आपल्याला सोसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारची फेरी संपवून ती मॉडेस्टामावशीकडे गेली. मावशी ओट्यावर हरणाच्या मांसाच्या पट्ट्या कापत होती. एकोणऐंशी वर्षांची, अंगाने चिमुकली, पण सुरी अशी चालायची की बघणाऱ्याने आपली बोटं सांभाळावी. तिचा मुलगा क्लेमेंट टेबलाशी बसून तळलेली रोटी खात होता. सोमवारी उतारावर चढणारा पोकलेन हाच चालवणार होता.

डेल्फीनने सगळं सांगितलं. पोत्यावरच्या चित्राचं ऐकून क्लेमेंट इतका हसला की रोटी त्याच्या घशात अडकली.

"हस," ती म्हणाली. "मी बी गोळा करणार आहे. आपल्या फुलाचं. आणि पेरणार आहे."

मावशीची सुरी थांबली. "पेरणार? कुणी शिकवलं तुला?"

"बी आहे, माती आहे. त्यात शिकायचं काय?"

"बटाटे लावतात. कांदे लावतात. ते फूल लावत नाहीत, ते आपोआप येतं." मावशीने पट्टी दोरीवर टाकली. "एवढं आयुष्य त्या उतारावर गेलं माझं. ते फूल कुणी पेरल्याचं पाहिलं नाही, ऐकलं नाही. माझी आई सांगायची, दिलेलं घ्यावं, निम्मं ठेवावं, आणि गुमान घरी यावं. देणाऱ्याच्या कामात नाक खुपसू नये."

"देणाऱ्याने पोकलेन कुठे पाहिला होता मावशी?"

"जीभ फार चालते तुझी. आईवर गेलीस."

"ताई, फूल यायला सात वर्षं लागतात म्हणे," क्लेमेंट मध्ये पडला. "तोवर साठीची होशील. काठी टेकत बघायला जाशील का?"

"साठीला काठी लागत नाही. तुझं पोट मात्र तोवर मशीनच्या काचेला टेकेल."

क्लेमेंट पुन्हा हसला. मावशी हसली नाही. तिने सुरी धुतली, पुसली आणि डेल्फीनकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. या घरात म्हातारीने पाठ केली की बोलणं संपलं असं समजायचं.

*

शुक्रवारी सकाळची फेरी झाल्यावर डेल्फीन बस उताराखाली लावून वर चढली. फुलं केव्हाच झडली होती. देठांवर नुसती बोंडं उरली होती, पानं कागदासारखी करकरत होती. बोंड हातात धरायचं आणि खालून टिचकी मारायची. पिकलेलं बी तळहातावर पडतं, न पिकलेलं धरून बसतं. ओढून काढलेलं बी पोचट निघतं, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं. कारण ते बी भाजून कुटून खाल्लं जायचं तेव्हाही असंच काढायचे.

तिने टिचक्या मारल्या. दहातली सात बोंडं हिरवी होती.

तिला एक दिवस कमी पडत होता. बोंडं चार दिवसांनी पिकली असती, आणि मशीन तीन दिवसांनी येणार होतं. शिवाय पिकलेलं बी वाट बघत नाही. दुपारचा वारा खोऱ्यातून वर आला की झडून जातं, आणि उरलेलं हरणं खातात. तिने कमरेवर हात ठेवून उतार पाहिला. हजारेक बोंडं असतील. एकटीने पहारा देण्याजोगं काम नव्हतं.

दुपारी घरी सोडताना तिने बसमधल्या पोरांना सांगितलं, "ज्याचा जोडीदार हरवलाय असा मोजा उद्या प्रत्येकाने बसथांब्यावर आणायचा. जास्त असतील तर जास्त."

"कशाला?"

"फुलांना थंडी वाजतेय."

शनिवारी शाळा नव्हती, तरी पोरं थांब्यावर आली. पिशव्या भरून मोजे. लाल, निळे, लोकरीचे, भोकाचे, एक तर ख्रिसमसचा, घुंगरू लावलेला. डेल्फीनने दिवसभर एकेका पिकत्या बोंडावर मोजा चढवला आणि सुतळीने देठाला बांधला. आता बी झडलं तरी मोज्यात पडणार होतं, आणि हरणाला लोकर आवडत नाही. मोजे संपले तेव्हा तिने पिठाच्या पिशव्या फाडल्या. गोचिड्या चावल्या, त्या तिने नखाने काढून टाकल्या. एकदा खडकाखाली खुळखुळ्या साप वाजला. ती म्हणाली, "मला वेळ नाही," आणि तीन पावलं बाजूने गेली.

दुपारी क्लेमेंट मशीन घेऊन रस्त्यावर आला. सोमवारसाठी ते खालीच उभं करायचं होतं.

"ताई, एक अख्खं झुडूपच उचलून देऊ का मातीसकट?" तो वरून ओरडला. "तुझ्या अंगणात लाव, सात वर्षं वाचतील."

मोह मोठा होता. तिने काठावरचं एक दाखवलं. क्लेमेंटने मशीनची लोखंडी बादली हळूहळू जमिनीत घातली. एवढं धूड मशीन, पण त्याच्या हातात ते चमच्यासारखं चालायचं. माती उचलली गेली, आणि आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. त्याने बादली खाली ठेवली. मूळ छातीइतक्या खोलीवर तुटलं होतं आणि तरीही तुटलेलं टोक अजून खाली गेलेलं दिसत होतं. जखमेतून चिकट रस आला आणि पाइनच्या डिंकासारखा वास सुटला.

क्लेमेंटने मशीन बंद केलं. तो खाली उतरला, खड्ड्यात पाहिलं आणि टोपी मागे सारली.

"हे जागचं हलायचं नाही," तो म्हणाला. त्यानंतर त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही.

*

रविवारी चर्चमधून परतताना अख्ख्या गावाने उतारावर आपापले मोजे ओळखले. दोन दिवसांचं ऊन असं पडलं होतं की दगडावर हात ठेवता येत नव्हता. त्या उन्हानेच डेल्फीनला हात दिला. बोंडं भराभर पिकली. ती मोजे सोडत होती, झटकत होती, बी साखरेच्या पोत्यात ओतत होती, आणि ज्यांना मोजे मिळाले नव्हते ती बोंडं तळहातावर आपटत होती. एकही ठेवत नव्हती.

"सगळं ओरबाडतेस," खालून आवाज आला.

मॉडेस्टामावशी चर्चच्या निळ्या झग्यात रस्त्याच्या कडेला उभी होती. चढण तिला झेपत नव्हती, म्हणून बोलणं ओरडून चाललं होतं.

"निम्मं ठेवायचं असतं! एवढं तरी विसरू नकोस!"

"कुणासाठी ठेवू?" डेल्फीनही ओरडली. "उद्या दहा वाजता इथे काय उरणार आहे?"

"म्हणून तूही मशीनसारखीच वागणार?"

हे मात्र लागलं. डेल्फीनने तोंड फिरवलं. डोळे भरून आले, घाम पुसतेय असं दाखवत तिने बाहीने पुसले आणि पुढचं बोंड हातात घेतलं. मावशी निघून गेली. संध्याकाळी उतारावर एक बोंड शिल्लक नव्हतं. साखरेचं पोतं पाव भरलं होतं. तीन दिवसांची कमाई तिने उचलून पाहिली. दोन किलो, फार तर अडीच.

मावशीशी वाकडं घेऊन गोळा केलेलं बी. आणि कुणी कधी पेरलं नव्हतं म्हणजे ते उगवतं की नाही हेही कुणाला माहीत नव्हतं. पोतं तिने बसमध्ये चालकाच्या सीटमागे ठेवलं.

*

सोमवारी पोरांना शाळेत सोडून ती परतत होती तेव्हा वळणावर काम थांबलेलं दिसलं. पोकलेन उतारावर होता, वरचा थर हातभर सोलून झाला होता, पण इंजिन बंद. ओल्सेन खाली घड्याळ बघत फेऱ्या मारत होता. क्लेमेंटने केबिनमधून हात हलवला.

"ताई, वर ये."

"माझं तिकडे काय काम? मला बघायचं नाही."

"बघायलाच ये. इथून दिसतं, खालून नाही दिसत."

ती चढली, लोखंडी पायरीवर पाय दिला आणि केबिनच्या दाराला टेकून उभी राहिली. सोललेल्या पिवळट मातीत मुळांचे कापलेले गोल दिसत होते, नारिंगी, ओले. लहान गोल इकडेतिकडे विखुरलेले. पण मांडीएवढे जाड, सगळ्यांत जुने जे होते, ते विखुरलेले नव्हते. ते ओळीत होते. एक ओळ, तिच्या वर दुसरी, तिच्या वर तिसरी. उताराला आडव्या, जुन्या रस्त्याच्या कडेला धरून.

"रान असं ओळीत उगवतं का गं?" क्लेमेंटने हळूच विचारलं.

खाली उतरून ती पहिल्या गोलावर गेली आणि ओळीवरून चालू लागली. एक पाऊल, एक मूळ. दुसरं पाऊल, दुसरं मूळ. पाचव्यापर्यंत तिचा पाय मुळाच्या पुढे पडायला लागला होता. तिने पाऊल आखडलं तसं ते पुन्हा जुळलं. मधे एखादी जागा रिकामी होती, पण तिच्यापुढचं मूळ बरोबर दोन पावलांवर होतं.

ती जिथे होती तिथे खाली बसली. मग एकदम उठली, बसकडे गेली आणि ओल्सेनला म्हणाली, "वीस मिनिटं थांबा."

"बाई, मशीनचं भाडं—"

"वीस मिनिटं!"

ओल्सेनने टोपी काढली.

मॉडेस्टामावशी यायला तयार नव्हती. "चल," एवढंच डेल्फीन म्हणत राहिली, आणि शेवटी म्हातारी चपला शोधत बाहेर आली. क्लेमेंटने आईला पाठुंगळी घेऊन उतारावर चढवलं. ती वाटभर त्याला शिव्या देत होती. ओळी दिसल्या तेव्हा गप्प झाली.

क्लेमेंटने तिला खाली ठेवलं. तिने चपला काढल्या. लेकाचा हात झटकून तीही पहिल्या गोलापासून चालायला लागली, सावकाश, एरवी घरात चालायची तशीच. तिला पाऊल आखडावं लागलं नाही, लांबवावंही लागलं नाही. नवव्या मुळावर ती थांबली.

"हा रस्ता पहिल्यांदा फोडला तो माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी," ती म्हणाली. "सुरुंग लावले होते. अख्खा उतार सोलला होता म्हणे, आत्ता दिसतोय तसा."

वारा यायला अजून वेळ होता.

"बाईचं पाऊल आहे," मावशी म्हणाली.

"कशावरून?" क्लेमेंटने विचारलं. "ठेंगणा बाप्या असेल एखादा."

"बाप्या असता तर गावभर सांगत हिंडला असता. इतकी वर्षं गप्प राहिला असता होय?"

क्लेमेंट हसला आणि हसता हसता थांबला, कारण आई हसत नव्हती. ती आपल्या अनवाणी पायांकडे बघत होती.

"मी दहा वर्षांची असताना माझे जोडे आईला यायचे," ती म्हणाली. "घालून जायची कुठेतरी. आणि विचारलं की म्हणायची, आपोआप येतं ते."

डेल्फीन तिच्या जवळ जाऊन उभी राहिली. कालचं काही बोलायला हवं होतं, पण दोघींनाही ते जमण्यातलं नव्हतं. खाली ओल्सेनने पुन्हा घड्याळ पाहिलं, पण या वेळी हाक मारली नाही.

"सुरू कर रे," मावशी क्लेमेंटला म्हणाली. "पोरांना रस्ता हवाय. आधी मला खाली ने."

त्याने तिला बसपाशी आणून सोडलं. मागे इंजिन सुरू झालं. मावशी बसच्या पायरीवर टेकली, चपलांतली माती झटकली आणि डेल्फीनपुढे हात पसरला.

"कुठे आहे तुझं ते बी?"

डेल्फीनने पोतं आणून दिलं. मावशीने मूठभर बी झग्याच्या ओच्यात घेतलं, त्यावरून बोट फिरवलं, एक नखाने दाबून पाहिलं, मग दुसरं.

"यात निम्मं पोचट आहे," ती करवादली. "असंच पेरणार होतीस? बस इथे. पाखडायला लाग."

डेल्फीन तिच्याशेजारी पायरीवर बसली.